एंजिनातील आवाज व दोषनिदान

मोटरगाडीचे एंजिन चालू असताना त्याच्या नेहमीच्या आवाजात मिसळणारा जो वेगळा ठोका, खडखडाट, टिकटिक, घरघर वा शिट्टी ऐकू येते, तीवरून एंजिनातील दोषाचे स्वरूप, स्थान व गांभीर्य ठरविण्याच्या क्रियेस आवाजावरून दोषनिदान असे म्हणतात. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे निदान विशेष महत्त्वाचे ठरते. आधुनिक गाड्यांतील संवेदक व संगणकीय नियंत्रण जुन्या एंजिनांत नसते. वंगणतेलाच्या दाबाचा दिवा, पाण्याच्या तापमानाचा दर्शक व चालकाचे कान एवढीच साधने दोषाची पूर्वसूचना देतात. हे निदान दोन्ही बाजूंनी चुकू शकते. पंख्याचा सैल पट्टा ओरडत असताना एंजिन उघडले गेल्यास निरोगी यंत्राची विनाकारण मोडतोड होते व खर्च अंगावर पडतो. याउलट संयोग दांड्याच्या ठोक्याकडे ‘टॅपेट वाजतो’ असे म्हणून दुर्लक्ष केल्यास काही किलोमीटरांच्या आत संपूर्ण एंजिन निकामी होऊ शकते. आवाज किती मोठा आहे यावरून धोका ठरत नाही. आवाजाची लय कोणती, तो केव्हा वाढतो व केव्हा नाहीसा होतो, यांवरून तो ठरतो.

भारतात दीर्घकाळ प्रचारात असलेल्या गाड्यांपैकी अँबॅसडर (१,४८९ घ. सेंमी. चे पेट्रोल एंजिन) व मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी (१,०८९ घ. सेंमी.) यांची एंजिने एकाच जुन्या धर्तीची होती. दोन्हींत ओळीने चार सिलिंडर व झडपा सिलिंडरांच्या टोपात असून कॅमदंड मात्र खाली एंजिनाच्या ठोकळ्यात बसविलेला असे व तो साखळीने फिरविला जाई. कॅमची हालचाल टॅपेट, ढकलदांडी व डोलती भुजा यांच्या साखळीतून झडपेपर्यंत पोहोचत असे. पद्मिनीचे उत्पादन सु. २००० मध्ये व अँबॅसडरचे २०१४ मध्ये थांबले. पद्मिनीच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. तथापि हौशी मालकांकडे या दोन्ही गाड्या अजून चालू स्थितीत आढळतात. मारुती ८०० (१९८३–२०१४) या गाडीचे ७९६ घ. सेंमी. चे एंजिन तीन सिलिंडरांचे असून त्याचा कॅमदंड सिलिंडर टोपावर असतो व तो दात्यांच्या रबरी पट्ट्याने फिरविला जातो. पुढील विवेचन मुख्यतः अशा प्रकारच्या पेट्रोल एंजिनांना लागू आहे [⟶ अंतर्ज्वलन एंजिन; मोटरगाडी].

आवाजाची उत्पत्ती : एंजिनातील प्रत्येक हलत्या जोडात थोडी मोकळीक ठेवणे आवश्यक असते. सु. ५० मिमी. व्यासाच्या भुजादंडावर (ज्यास कारागीर क्रँक म्हणतात) धारवा म्हणजे बेअरिंग बसविताना सु. ०·०५ मिमी. मोकळीक ठेवतात. या फटीत वंगणतेलाचा पातळ थर दाबाखाली भरलेला असतो आणि भुजादंड धातूवर न टेकता त्या थरावर तरंगत फिरतो. झिजेमुळे फट वाढली किंवा तेलाचा दाब घटला, म्हणजे हा थर भार पेलू शकत नाही. दिशा बदलणारा भाग फटीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फेकला जाऊन धातूवर धातू आपटतो. हाच ठोका होय. त्यामुळे ठोका ज्या क्षणी भागावरील बलाची दिशा बदलते त्या क्षणी उत्पन्न होतो, हे निदानाचे पहिले सूत्र आहे.

ठोक्याखेरीज आवाजाची आणखी तीन कारणे संभवतात. जोडांतून वायू निसटल्यास फुसफुस वा शिट्टी ऐकू येते. फिरता भाग सारख्या वेगाने घासत असल्यास घरघर किंवा किंचाळणे ऐकू येते. इंधनाचे ज्वलन अनियमित झाल्यास सिलिंडरातील वायूच कंप पावून किणकिणणारा आवाज करतो. यांपैकी शेवटच्या प्रकारात एकही भाग सैल नसतो, ही गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट असते.

आवाजाची लय : चतुर्धाव एंजिनात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एक आवर्तन पूर्ण होते व कॅमदंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. भाररहित मंदगतीत एंजिन मिनिटास ६०० फेरे करीत असल्यास भुजादंड सेकंदाला १० फेरे व कॅमदंड ५ फेरे घेतो. चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला २० ज्वलने होतात. एका झडपेचा, तिच्या टॅपेटचा, कॅमदंडावरून चालणाऱ्या यांत्रिक इंधन पंपाचा किंवा एका दट्ट्याच्या शक्तिधावेच्या वेळी होणारा आवाज अर्थातच सेकंदाला पाचच वेळा येतो. हे ठोके कानाला जवळजवळ मोजता येतात. भुजादंडावरील धारवे, प्रचक्र व पुढील कप्पी यांचे ठोके मात्र सेकंदाला १० वेळा होऊ शकतात व ते एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. अशा रीतीने लय अर्धी की पूर्ण एवढे ठरले, तरी दोषाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते. ज्वलनाचा समय जुळविण्यासाठी वापरला जाणारा क्षणदीप्ती दिवा पहिल्या सिलिंडराच्या तारेस जोडल्यास त्याचा प्रकाश निम्म्या गतीने चमकतो. ठोका त्याच्या प्रत्येक चमकेबरोबर एकदाच पडत असल्यास तो कॅमच्या लयीचा, आणि दोनदा पडत असल्यास भुजादंडाच्या लयीचा समजतात.

पंखा, पाण्याचा पंप व डायनॅमो अथवा आल्टर्नेटर हे भाग पट्ट्यावर चालत असल्याने त्यांचा वेग कप्प्यांच्या व्यासांवर अवलंबून असतो. त्यांचे आवाज वरीलपैकी कोणत्याच लयीत बसत नाहीत व बहुधा ते तुटक नसून सलग असतात.

परीक्षणाची पद्धत : आवाज ऐकण्यापूर्वी वंगणतेलाची पातळी व त्याचा पातळपणा पाहणे, ही पहिली पायरी होय. तेल कमी असल्याने उत्पन्न झालेला आवाज तेल भरताच नाहीसा होऊ शकतो व पुढील सर्व परीक्षण अनावश्यक ठरते. त्यानंतर एंजिन रात्रभर थंड झालेले असताना सुरू करून ऐकतात, कारण काही दोष फक्त पहिल्या एकदोन मिनिटांतच प्रकट होतात. मग एंजिन पूर्ण तापल्यावर मंदगतीत, मध्यम गतीत, गती वाढविताना व प्रवेगक पायटा (ॲक्सिलरेटर) एकदम सोडताना पुन्हा ऐकतात. शेवटी गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये चालवून भाराखालील आवाज ऐकतात. थंड व गरम, भाररहित व भारित, वाढती गती व उतरती गती, अशा या तीन जोड्यांची उत्तरे मिळाल्याखेरीज निदान पूर्ण मानीत नाहीत.

आवाजाचे स्थान ठरविण्यासाठी श्रवणनलिकेचा उपयोग करतात. फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये छातीतील आवाज ऐकण्यासाठी तयार केलेल्या साधनाचेच हे यांत्रिक रूप असून त्याच्या टोकाला धातूची सळई असते. ते नसल्यास लांब पेचकसाचे टोक एंजिनावर व मूठ कानामागील हाडावर टेकवूनही काम भागते. वायूची गळती शोधण्यासाठी मात्र सळई उपयोगी पडत नाही. त्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे जोडांवरून फिरवितात. धातूतून आवाज दूरवर वाहत असल्याने केवळ एका जागी ऐकून निर्णय करू नये. शेजारच्या जागांशी तुलना करून आवाज सर्वांत स्पष्ट व धारदार कोठे आहे, ते पाहावे. हे करताना सैल कपडे, पदर व गळपट्टे पंख्यापासून दूर ठेवणे, गाडी न्यूट्रलमध्ये हातब्रेक लावून उभी करणे आणि बंद गॅरेजमध्ये एंजिन न चालविणे आवश्यक असते, कारण निष्कास वायूतील कार्बन मोनॉक्साइड वासरहित व प्राणघातक असतो.

दोष कोणत्या सिलिंडरात आहे हे ठरविण्यासाठी जुन्या एंजिनांत एकेका ठिणगी गुडदीची (प्लगची) तार आळीपाळीने काढून ती एंजिनाच्या धातूस टेकवितात. असे केल्याने त्या सिलिंडरातील ज्वलन थांबते व त्याच्या दट्ट्यावरील आणि संयोग दांड्यावरील भार उतरतो. ठोका मंदावल्यास दोष त्या सिलिंडरात आहे असे समजते. ठोक्यात काहीच फरक न पडल्यास दोष ज्वलनाच्या भाराशी निगडित नाही, हेही कळते. ही चाचणी संपर्क-खंडक बिंदू असलेल्या जुन्या प्रज्वलन पद्धतीसाठीच योग्य आहे. इलेक्ट्रॉनीय प्रज्वलन व उत्प्रेरकी निष्कास असलेल्या गाड्यांत तिच्यामुळे नुकसान होण्याचा संभव असतो.

बाह्य भागांचे आवाज : एंजिनाच्या आत दोष आहे असे मानण्यापूर्वी बाहेरील भाग निर्दोष आहेत याची खात्री करून घेतात. यासाठीची सोपी कसोटी म्हणजे पंख्याचा पट्टा काढून एंजिन एखादे मिनिट चालविणे. आवाज थांबल्यास तो पाण्याचा पंप, पंखा किंवा डायनॅमो यांचा होता हे सिद्ध होते. पट्टा काढल्यावर पाणी फिरत नसल्यामुळे एंजिन याहून अधिक वेळ चालवू नये. सैल पट्टा गती वाढविताना किंवा दिवे लावल्यावर किंचाळतो. दोन कप्प्यांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास तो सु. १२ मिमी. दबावा, त्याहून फार अधिक दबल्यास ताणावा व त्यास भेगा पडल्या असल्यास बदलावा. पाण्याच्या पंपाचा धारवा झिजल्यास घरघर येते, पंख्याचे पाते हाताने हलविल्यास डुलते व पंपाच्या तळाच्या छिद्रातून पाणी झिरपू लागते. अशा पंपाकडे दुर्लक्ष केल्यास पंखा निखळून रेडिएटर फोडू शकतो.

पुढील कप्पीचा बोल्ट सैल झाल्यास संयोग दांड्याच्या ठोक्याशी फसवे साम्य असलेला ठोका येतो. प्रचक्राचे बोल्ट सैल असल्यास मंदगतीत जड ठोका ऐकू येतो. प्रज्वलन बंद करून एंजिन थांबण्याच्या बेतात असताना ते पुन्हा चालू केल्यास याच दोषामुळे एकच स्पष्ट ठोका पडतो. क्लचचा पायटा दाबल्यावरच सुरू होणारी घरघर क्लच सोडविणाऱ्या धारव्याची असते. पायटा दाबताच थांबणारी घरघर गिअर पेटीतील धारव्याची असते. एंजिन ज्या रबरी आधारांवर टेकलेले असते ते तुटल्यास गाडी निघताना व थांबताना धक्का बसून ‘धप’ असा आवाज येतो.

निष्कास नळाचा सिलिंडर टोपाशी असलेला जोड गळू लागल्यास जी तुटक फटफट ऐकू येते तिची टॅपेटच्या टिकटिकीशी नेहमी गल्लत होते. दोहोंतील फरक असा की, गळतीचा आवाज चढावर भार पडताच मोठा होतो व एंजिन तापून धातू प्रसरण पावल्यावर बहुधा कमी होतो; टॅपेटच्या आवाजावर भाराचा फारसा परिणाम होत नाही. गळतीच्या जागी काजळीचा काळा पट्टाही दिसतो. अंतर्ग्रहण मार्गात हवा शिरत असल्यास बारीक शिट्टी ऐकू येऊन मंदगती अस्थिर होते.

झडप यंत्रणा : झडपांच्या जागेवरून, निम्म्या लयीत येणारी हलकी, सुस्पष्ट टिकटिक हा जुन्या एंजिनांतील सर्वांत परिचित आवाज होय. झडपेचा दांडा तापून लांब झाला तरी झडप पूर्ण मिटावी म्हणून डोलती भुजा व दांडा यांत थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. ही फट एंजिनाच्या प्रकाराप्रमाणे बहुधा ०·१ ते ०·४ मिमी. असते. झिजेमुळे फट वाढल्यास टिकटिक वाढते. संशयित झडपेच्या फटीत योग्य जाडीची पातळ पट्टी (फीलर गेज) सरकविल्यावर टिकटिक थांबली, तर दोष तिथेच आहे हे निश्चित होते. फट निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे व तेथे सांगितलेल्या थंड किंवा गरम स्थितीतच जुळवावी लागते. डोलत्या भुजेचे टोक खळगा पडण्याइतके झिजलेले असल्यास पट्टी त्या खळग्यावरून आडवी जाते व माप चुकते. अशा वेळी भुजा घासून वा बदलून घ्यावी लागते.

या बाबतीतील एक गैरसमज हानिकारक आहे. टिकटिक पूर्ण थांबावी म्हणून अनेकदा फट नेमल्याहून कमी केली जाते. एंजिन शांत होते. परंतु तापल्यावर झडप पूर्ण मिटत नाही, तिच्या कडेवरून तप्त वायू सुटतो आणि ती जळते. निष्कास झडपेला स्वतःची उष्णता मुख्यतः बैठकीवर टेकल्यावरच बाहेर देता येते, म्हणून तिच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. फट जास्त असलेली झडप आवाज करून सांगते, फट नसलेली झडप मात्र न बोलता जळते. यामुळे किंचित टिकटिक करणारे एंजिन अगदी निःशब्द टॅपेटांच्या एंजिनापेक्षा अधिक सुरक्षित समजतात.

जुन्या एंजिनांच्या संदर्भात या गोष्टीला आणखी एक कारण आहे. पेट्रोलमधील शिशाच्या संयुगामुळे निष्कास झडपेच्या बैठकीवर संरक्षक लेप बसत असे. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेरहित पेट्रोलची सुरुवात झाली व २००० पासून ते देशभर लागू झाले. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल अत्यावश्यक होता. तथापि मऊ ओतीव लोखंडाच्या बैठका असलेल्या एंजिनांत, विशेषतः दीर्घकाळ जास्त वेगाने चालविल्यास, बैठक झिजून झडप आत रुतत जाऊ शकते. झडप रुतली म्हणजे तिचा दांडा वर येऊन फट आपोआप कमी होते व टिकटिक हळूहळू नाहीशी होते. नैसर्गिक वायूवर चालविलेल्या एंजिनांतही कोरड्या ज्वलनामुळे असाच परिणाम दिसून येतो. पूर्वी वाजणारा टॅपेट काही न करता शांत झाला, तर त्यास सुधारणा न मानता फट तपासणे हाच योग्य उपाय होय. टोपात कठीण धातूच्या बैठका बसविल्याने हा दोष कायमचा दूर होतो.

कॅमदंड फिरविणारी साखळी लांबल्यास एंजिनाच्या पुढील झाकणातून, विशेषतः मंदगतीत व पायटा सोडताना, साखळी भिंतीवर घासल्यासारखा खडखडाट येतो. दात्यांचा रबरी पट्टा मात्र बहुधा असा इशारा देत नाही. तो एकाएकी तुटतो. त्यामुळे तो आवाजावर न विसंबता ठराविक अंतरानंतर बदलावा लागतो.

दट्ट्याचे आवाज : दट्ट्या ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा व सिलिंडर ओतीव लोखंडाचा असतो. तापविल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून थंड स्थितीत दट्ट्याभोवती मोकळीक अधिक असते. झिजलेल्या सिलिंडरात शक्तिधावेच्या आरंभी दट्ट्या एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीवर आपटतो व पोकळ, बसका असा ठकठक आवाज येतो. एंजिन तापताच तो कमी किंवा नाहीसा होतो, हेच त्याचे मुख्य लक्षण होय. ठिणगी गुडदीच्या छिद्रातून चमचाभर घट्ट वंगणतेल सोडल्यावर आवाज तात्पुरता मंदावल्यास निदान पक्के होते. तापल्यावर थांबणारा हा ठोका तातडीचा नसतो. असे एंजिन योग्य निगा ठेवल्यास पुष्कळ काळ काम देते. परंतु त्याबरोबर निळसर धूर येऊन तेल खर्च होऊ लागल्यास सिलिंडर पुन्हा कोरून मोठ्या मापाचे दट्टे बसविण्याची वेळ आली असे समजावे.

दट्ट्याला संयोग दांड्याशी जोडणारी पिन सैल झाल्यास मंदगतीत किंवा किंचित वाढविलेल्या गतीत धातूचा तीक्ष्ण, लागोपाठ दोनदा पडणारा ठोका ऐकू येतो. हा आवाज एंजिन तापल्यावर कमी होत नाही. त्या सिलिंडराची तार काढल्यावर त्याचे स्वरूप बदलते, काही वेळा तो अधिक ठळकही होतो. या गुणामुळे तो संयोग दांड्याच्या धारव्याच्या ठोक्यापासून वेगळा ओळखता येतो.

धारव्यांचे आवाज : एंजिनातील सर्वांत गंभीर आवाज भुजादंडाच्या धारव्यांचे असतात [⟶ धारवा]. संयोग दांड्याच्या मोठ्या टोकाचा धारवा झिजल्यास नियमित, कठीण, हातोडी मारल्यासारखी खटखट येते. गाडी ताशी ४० ते ५० किमी. वेगाने चालवून पायटा हळूच सोडला असता, म्हणजे एंजिन गाडीला ओढतही नाही व गाडी एंजिनाला ढकलतही नाही अशा समतोल स्थितीत, ती सर्वांत स्पष्ट होते. तापल्यावर तेल पातळ होत असल्याने ती वाढते. दोषी सिलिंडराची तार काढताच ती बरीच मंदावते.

मुख्य धारव्यांचा आवाज याहून खोल व जड असून कानापेक्षा पायाखाली अधिक जाणवतो. तो भाराखाली, चढावर व गती वाढविताना येतो. एका सिलिंडराची तार काढून त्यात विशेष फरक पडत नाही. धारव्याच्या दोन्ही बाजूंच्या शेजारी सिलिंडरांच्या तारा एकदम काढल्यास तो कमी होतो. भुजादंड लांबीच्या दिशेने मागेपुढे सरकत असल्यास अधूनमधून येणारा ठोका क्लचचा पायटा दाबताच थांबतो.

धारव्याच्या दोन्ही प्रकारच्या दोषांत मंदगतीत तेलाचा दाब कमी होतो. गरम एंजिन मंदगतीत असताना तेलाचा दिवा मिणमिणू लागणे व त्याच सुमारास ठोका सुरू होणे, या दोन खुणा एकत्र आल्या असता एंजिन तत्काळ बंद करून गाडी ओढून नेणे हाच मार्ग असतो. या धारव्यांच्या पोलादी कवचांवर मऊ मिश्रधातूचा पातळ थर असतो. तो थर झिजलेला असेपर्यंत दुरुस्ती मर्यादित राहते: भुजादंड घासून त्याचा व्यास सामान्यतः ०·२५ मिमी. च्या टप्प्यांनी कमी करतात व तेवढ्या लहान मापाची कवचे बसवितात. गाडी तशीच चालविल्यास थर वितळून कवच फिरते, भुजादंडावर खोल चरे पडतात व अखेरीस दांडा तुटून एंजिनाची भिंत फोडून बाहेर येऊ शकतो. कवचांची किंमत व संपूर्ण एंजिनाची किंमत यांत काही वेळा दहापंधरा मिनिटांच्या प्रवासाचेच अंतर असते.

रात्रभर उभ्या असलेल्या एंजिनात सुरू होताच एकदोन सेकंद खडखडाट होऊन दिवा विझताच तो थांबणे, हे तेल धारव्यांपर्यंत पोहोचण्यास लागलेल्या वेळाचे चिन्ह असते. ते दरवेळी होऊ लागल्यास तेल गाळणीची उलट प्रवाह रोखणारी झडप तपासावी.

ज्वलनाचे आवाज : चढावर वरच्या गिअरमध्ये पायटा दाबला असता काचेच्या गोट्या हलविल्यासारखी जी किणकिण येते तिला कारागीर एंजिन ‘नॉक करते’ असे म्हणतात. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाब व उष्णता यांमुळे आपोआप एकदम पेटते. त्यामुळे उत्पन्न झालेल्या दाबतरंगाने सिलिंडरातील वायू सेकंदाला सु. ५,००० ते ८,००० कंपने करतो व सिलिंडराच्या भिंती निनादतात. या घटनेचा पद्धतशीर अभ्यास इंग्रज अभियंते हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) यांनी केला. अमेरिकेत टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ मध्ये शिशाचे टेट्राएथिल संयुग हा दोष थांबविते असे शोधून काढले. याच संयुगाच्या विषारीपणामुळे पुढे त्याचा त्याग करावा लागला.

ठिणगी वेळेआधी पडणे, कमी ऑक्टेन अंकाचे पेट्रोल, सिलिंडरात साचलेला कार्बन, पातळ मिश्रण व एंजिन अतिशय तापणे ही या आवाजाची कारणे होत. ठिणगीचा समय थोडा मागे घेतल्यावर किणकिण थांबली, तर ती ज्वलनाची होती हे सिद्ध होते. क्वचित व क्षणभर येणारी किणकिण निरुपद्रवी असते. दीर्घकाळ भाराखाली चालू राहिल्यास दट्ट्याच्या कडा झडतात व त्याला भोक पडू शकते. प्रज्वलन बंद केल्यावरही एंजिन काही क्षण धडधडत राहिल्यास आत तापलेल्या कार्बनचे कण इंधन पेटवीत असावेत असे मानतात. कार्ब्युरेटरमधून उलट फटका येणे हे बहुधा पातळ मिश्रणाचे, गळक्या अंतर्ग्रहण झडपेचे वा चुकलेल्या समयाचे लक्षण असते. सायलेन्सरमध्ये बार उडणे हे न जळलेले इंधन तेथे पोहोचत असल्याचे लक्षण असते.

भारतात २०२३ पासून २०% एथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले. एथेनॉलाचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने त्यामुळे किणकिण वाढत नाही. परंतु एथेनॉलात ऑक्सिजन असल्याने साध्या पेट्रोलसाठी जुळविलेल्या कार्ब्युरेटरात मिश्रण पातळ होते व वर सांगितलेला उलट फटका येऊ शकतो. जुन्या रबरी नळ्या व पडदेही त्याने खराब होऊ शकतात, म्हणून आवाजाबरोबर पेट्रोलचा वास आल्यास प्रथम नळ्या पाहाव्यात.

फसवे उपाय : झिजलेल्या एंजिनाचा ठोका दाबण्यासाठी त्यात नेमल्याहून घट्ट तेल अथवा दाटपणा वाढविणारी द्रव्ये घालतात. घट्ट तेलाने वाढलेल्या फटीत थर काही काळ टिकतो व आवाज उतरतो, मात्र झीज भरून निघत नाही. उलट थंड सकाळी असे तेल धारव्यांपर्यंत उशिरा पोहोचते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणून एंजिन आधीच तापवून ठेवलेले नाही ना, हे हात लावून पाहावे, ते आपल्यासमोर थंड स्थितीत सुरू करण्यास सांगावे व तेलकांडीवरील तेल बोटांत चोळून पाहावे. तापलेल्या एंजिनाची शांतता ही फक्त अर्धी परीक्षा होय.

आवाजांचा क्रम : तातडीच्या दृष्टीने एंजिनातील आवाजांचे तीन वर्ग करता येतात. तेलाचा दिवा लागलेला असताना येणारा कोणताही आवाज, संयोग दांड्याची खटखट, मुख्य धारव्याचा खोल ठोका व एकाएकी सुरू झालेला धातूचा कडकडाट या पहिल्या वर्गातील आवाजांत एंजिन त्या जागीच बंद करतात. पाण्याच्या पंपाची घरघर, साखळीचा खडखडाट, पिनचा दुहेरी ठोका, सैल कप्पी व सततची किणकिण या दुसऱ्या वर्गात गाडी सावकाश कार्यशाळेपर्यंत नेऊन लौकर दुरुस्त करतात. पंख्याचे पाते डुलत असल्यास मात्र गाडी न चालविणेच बरे. थंड एंजिनातील दट्ट्याची ठकठक, टॅपेटची मंद टिकटिक, निष्कास जोडाची किरकोळ फटफट व पट्ट्याचे किंचाळणे हा तिसरा वर्ग असून त्यांची दुरुस्ती पुढील नियमित देखभालीच्या वेळी केली तरी चालते. मात्र निष्कास वायूचा वास गाडीत येत असल्यास जोडाची गळती पहिल्या वर्गातच धरावी लागते.

१९८० नंतर प्रसार पावलेल्या एंजिनांत ज्वलनाची किणकिण ओळखून ठिणगीचा समय आपोआप मागे घेणारे संवेदक बसविले जाऊ लागले. त्यामुळे चालकाला तो आवाज सहसा ऐकूच येत नाही. जुन्या एंजिनात हे काम माणसालाच करावे लागते. त्यासाठी तीक्ष्ण कानापेक्षाही एंजिन निर्दोष असतानाचा त्याचा आवाज परिचयाचा असणे अधिक उपयोगी पडते, कारण वेगळा आवाज नेहमीच्या आवाजाच्या तुलनेनेच ओळखला जातो. दररोज सकाळी एंजिन सुरू केल्यावर पहिले अर्धे मिनिट लक्षपूर्वक ऐकणाऱ्या चालकाला बहुतेक दोष ते स्वस्तात दुरुस्त होण्याजोगे असतानाच कळतात.